व्हॅक्यूम येत नाही: गळती की तेलात पाणी?

रबाळे एमआयडीसीतल्या भंगाराच्या एका गोडाऊनमधून मी जुना टू-स्टेज रोटरी वेन पंप (फिरत्या पात्यांचा, दोन टप्प्यांचा व्हॅक्यूम पंप) उचलला. असा पंप ठणठणीत असेल तर दाब 0.001 मिलिबारच्या आसपास उतरवतो. माझा 1 मिलिबारवर अडून बसला. गळतीच असणार, असं धरून मी शाफ्टचं ऑइल सील आणि सगळ्या ओ-रिंगा बदलल्या. पंपाच्या निम्मे पैसे सील किटमध्ये गेले, गेज तिथल्या तिथेच. दोष तेलात मुरलेल्या पाण्याचा होता.

गेजवर हे दोन्ही दोष अगदी सारखे दिसतात. पंपाच्या पोटात मात्र वेगळंच काही चाललेलं असतं. गळती असेल तर बाहेरची हवा सतत आत शिरते आणि पंप ती एक्झॉस्टमधून सतत बाहेर टाकतो. पाण्याची वाफ बाहेर पडतच नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडण्याआधीच दाबाने तिचं पाणी होतं, ते तेलात मिसळतं, तेल फिरून तोंडाच्या (हवा खेचणाऱ्या) बाजूला आलं की त्याची पुन्हा वाफ होते. ही वाफ थोडीथोडकी नसते: 1 ग्रॅम पाणी 1 मिलिबारला 1300 लिटरहून जास्त जागा व्यापतं. दोन थेंब पाणी पंपाला दिवसभर झुलवत ठेवू शकतं.

म्हणून एक्झॉस्टकडे बघा. पंपाचं तोंड ब्लँक करा (झाकण लावून पक्कं बंद करा), गॅस बॅलास्ट (पंपात मुद्दाम थोडी हवा सोडणारा व्हॉल्व्ह) बंद ठेवा आणि पंप चांगला गरम होऊ द्या, नाहीतर आतली हवा तापून फुगते आणि फसवते. मग एक्झॉस्टवर पातळ प्लास्टिकची पिशवी चपटी करून रबर बँडने बांधा. तासाला 4 घनमीटरचा लहान पंप गळतीमुळे 1 मिलिबारवर अडला असेल, तर सेकंदाला साधारण 1 घनसेंटीमीटर हवा बाहेर येते. पाच मिनिटांत पिशवी फुगलेली डोळ्यांना दिसते. माझी सुरकुतलेलीच राहिली होती. पिशवी लगेच काढा, विसरू नका. अगदी बारीक गळती मात्र या पद्धतीने सापडत नाही.

दुधाळ तेल म्हणजे पाणी, हे तर उघडच. पण तेल स्वच्छ दिसत असलं तरी पाणी असू शकतं. तापलेल्या जुन्या तव्यावर एक थेंब टाकला की तडतडतं. चेहरा लांब ठेवा, चष्मा घाला. आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल कंपन्या भरपूर, त्यामुळे पंप कुठून निघालाय हे भंगारवाल्याला आधी विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर ते तेल तापवू नका, हाताला लागू देऊ नका.

पाणी निघालं तर गरम असतानाच तेल काढा, थोडं व्हॅक्यूम पंपाचं तेल घालून काही मिनिटं फिरवा, पुन्हा काढा, नितळ येईपर्यंत. इंजिन ऑइल नको. नवं तेल भरून गॅस बॅलास्ट उघडा आणि तासभर चालवा. बॅलास्टची हवा दाबाच्या कप्प्यात शिरते, त्यामुळे वाफेचं पाणी व्हायच्या आत व्हॉल्व्ह उघडतो. माझा पंप बॅलास्ट बंद केल्यावर वीस मिनिटांत 0.01 च्या खाली गेला.

पिशवी फुगली तरच पाना हातात घ्या, आणि सुरुवात मोटरच्या बाजूच्या ऑइल सीलपासून करा. मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगखाली तेलाचा ओघळ असेल तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पावसाळ्यात पंप बंद केलात की तोंडावर ब्लँक लावूनच घरी जा.