चाकूच्या लाकडी मुठीला पाणी का बाधतं

मागच्या पावसाळ्यात ट्रेकला सॅकच्या बाहेरच्या खिशात घडीचा चाकू टाकला आणि साफ विसरलो, दोन दिवसांनी बघतो तर पातं उघडेचना, नख तुटायची वेळ आली. लाकडी मूठ वापराने खराब होते असं आपल्याला वाटतं, पण रोज हाताळून ती उलट गुळगुळीत होते, हाताचं तेल मुरून छान गडद होते. वाट लावतं ते पाणी.

फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला ओपिनेल चाकू बघा. जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये केला, मूठ बहुतेक वेळा बीच झाडाच्या लाकडाची, अख्ख्या तुकड्यात एक खाच पाडलेली आणि पातं त्या खाचेत. मूठ भिजली की खाच आवळते आणि पातं अडकतं. तिथले लोक मग मुठीचं बूड टेबलावर ठोकतात, की पातं थोडं बाहेर डोकावतं. आपल्याकडे जुलैत बाथरूमचं दार फुगतं, तोच हा प्रकार.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी, पाणी शिरतं ते नळ्यांच्या भिंतीत, त्यामुळे नळ्या जाड होतात पण लांब जवळजवळ होतच नाहीत. ताजं बीच पूर्ण सुकवलं तर वार्षिक वलयांच्या दिशेने साधारण 12 टक्के आकसतं, वलयांना आडवं त्याच्या निम्मं आणि लांबीत अर्धा टक्कासुद्धा नाही. असं वेडंवाकडं आकसणं असल्यावर तडा जाणारच, आणि जातोही लाकडाच्या रेषांच्या बाजूने, बऱ्याचदा पितळी रिव्हेटपासून (मूठ आणि पातं जोडणारी धातूची खीळ) सुरू होऊन, कारण रिव्हेट काही लाकडाबरोबर आकसत नाही.

गावाकडे कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की बादलीत बुडवून ठेवतात, माझे आजोबाही ठेवायचे. लगेच घट्ट बसतो खरा, पण लोखंडी भोकात फुगायला जागा नसल्यामुळे नळ्या आतल्या आत चिरडतात आणि सुकल्यावर दांडा आधीपेक्षा सैल. रिव्हेटभोवतीही हळूहळू असंच होतं.

पण हेच पाणी कामालाही येतं. चाकू फरशीवर पडून मुठीला खळगा पडला तर घाबरू नका, तिथलं लाकूड गेलेलं नसतं, नळ्या फक्त चेपलेल्या असतात. वार्निश घासून काढायचं (नाहीतर वाफ आत जात नाही), ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री काही सेकंद टेकवायची. ओल आणि उष्णतेने नळ्यांच्या भिंती मऊ पडतात आणि दबलेला भाग वर येतो, मी पहिल्यांदा केलं तेव्हा मलाच खरं वाटेना. रेषा कापल्या गेल्या असतील किंवा टवका उडाला असेल तर मात्र वाफ काही करू शकत नाही, तिथे घासणं नाहीतर गोंद. जळलेल्या डागाचंही तेच, खरवडूनच काढावा लागतो.

नीट सुकलं की जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा, त्याने पाणी आत शिरायचा वेग कमी होतो, थांबत नाही. आणि ते तेलकट फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका बरं का, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यात उष्णता निघते आणि बोळ्यात ती अडकली तर फडकं आपोआप पेटू शकतं. मी ते दोरीवर मोकळं वाळत घालतो, घरचे रोज विचारतात की हे पोतेरं इथे कुणी टांगलंय.