केबिन क्रूची आजारी रजा : संशयाचा जुना इतिहास

जानेवारी 2007 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या केबिन क्रूने संपासाठी मतदान घेतलं, तेव्हा 96 टक्के कौल संपाच्या बाजूने पडला. पगारश्रेणी आणि पेन्शन हे मुद्दे होतेच, पण खरी चीड होती ती आजारी रजेच्या नव्या नियमांची. 2005 मध्ये कंपनीने गैरहजेरीचं नवं धोरण आणलं होतं, दफ्तरी नाव ‘ईजी 300’. आजारपण ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की आधी साहेबांसमोर बसून जाबजबाब, मग लेखी ताकीद, आणि शेवटची पायरी नोकरीवर येणारी. कंपनीचं म्हणणं होतं की क्रूची सरासरी आजारी रजा वर्षाला 22 दिवसांवरून 12 दिवसांवर आली, म्हणजे धोरण यशस्वी झालं. क्रूचं म्हणणं वेगळं होतं. लोक बरे झालेले नाहीत, कारवाईच्या धाकाने ताप अंगावर काढून विमानात चढताहेत. मुख्य कार्यकारी अधिकारी विली वॉल्श आणि कामगार नेते टोनी वुडली यांच्यात तोडगा निघाला आणि संप ऐन वेळी टळला. तोवर शेकडो उड्डाणं रद्द करून झाली होती.

एवढा अविश्वास आला कुठून, हे समजायला आणखी दहा वर्षं मागे जावं लागतं. जुलै 1997 मध्ये याच कंपनीच्या क्रूने तीन दिवसांचा संप पुकारला होता. व्यवस्थापनाने आधीच बजावलं होतं की संपात उतरलेल्यांची नोकरी, बढती, प्रवासाच्या सवलती, काहीच सुरक्षित राहणार नाही. परिणाम असा झाला की उघडपणे संपावर गेलेले तीनशेही भरले नाहीत, आणि ‘आजारी आहे’ असं कळवणारे त्यांच्या कित्येक पट निघाले. कंपनीला सुमारे साडेबारा कोटी पौंडांचा फटका बसला. त्या आठवड्यात व्यवस्थापनाच्या मनात एक गोष्ट पक्की बसली : आजारी रजा हे संपाचं हत्यार आहे. पुढची सगळी धोरणं त्या नजरेतून लिहिली गेली. 2004 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांशी पगारवाढीचा करार करताना रजेचा विषय थेट पैशाला जोडला गेला, कमी आजारी पडणाऱ्याला रोख बक्षीस ठेवलं गेलं.

ब्रिटनमध्ये रजा मोजण्याची एक पद्धत 1980 च्या दशकापासून रुजली आहे. तिला ब्रॅडफर्ड फॅक्टर म्हणतात. वर्षभरात किती वेळा रजा घेतली त्या आकड्याचा वर्ग करायचा आणि त्याला एकूण दिवसांनी गुणायचं. एखाद्याचं हाड मोडलं आणि तो सलग 10 दिवस घरी बसला, तर त्याचे गुण 10. दुसरी व्यक्ती वर्षात दहा वेळा एकेक दिवस आजारी पडली, तर तिचे गुण 1000. दिवस तेवढेच, पण दुसरी व्यक्ती कारवाईच्या यादीत वर. या गणितामागे गृहीतक असं की छोट्या, वारंवार रजांनी काम जास्त विस्कळीत होतं, आणि व्यवहारात त्यातून छोटी आजारपणं बहुतेक खोटीच, असा संशय धरला जातो. ऑफिसात बसून काम करणाऱ्याच्या बाबतीत त्यावर वाद घालता येईल. केबिन क्रूच्या बाबतीत मात्र हा संशय सरळ चुकीचा आहे, कारण या नोकरीत होणारी आजारपणं मुळात छोटी आणि वारंवार येणारीच असतात.

साध्या सर्दीचं उदाहरण घ्या. उडत्या विमानातला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो. विमान उतरू लागलं की दाब वाढतो आणि घशाकडून मध्यकर्णात जाणाऱ्या नळीला तो सारखा करून घ्यावा लागतो. सर्दीने ती नळी सुजून बंद झाली असेल, तर कानाचा पडदा आत ओढला जातो. असह्य कळा येतात, रक्त साकळतं, कधी पडदा फाटतो. प्रवाशाला हा त्रास वर्षातून एखाद्या वेळी होतो, क्रूला एका दिवसात चार-चार लँडिंग असतात. ऑफिसातला माणूस रुमाल खिशात घालून कामावर जाऊ शकतो, केबिन क्रूने जाऊच नये अशी ही सर्दी. पोट बिघडलेल्या माणसाने शे-दीडशे लोकांना जेवण वाढू नये, हे तर सांगायलाही नको.

औषध घेऊन निभावून न्यावं म्हटलं, तर तिथेही अडचण. आपल्याकडे डीजीसीए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या नियमांनुसार उड्डाणाआधी क्रूच्या श्वासात दारूचा अंश आहे का हे पाहणारी ब्रेथ अ‍ॅनालायझर चाचणी होते. अल्कोहोल असलेलं औषध, एवढंच काय, माउथवॉशसुद्धा वापरायला मनाई आहे. तसं औषध चालू असेल तर कंपनीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय ड्युटी घेता येत नाही. म्हणजे खोकल्याच्या एखाद्या बाटलीवरही रोस्टरमधला, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकातला, दिवस जातो.

कंपन्यांच्या बाजूलाही एक खरी निकड आहे आणि ती मान्य करायला हवी. दर पन्नास आसनांमागे किमान एक केबिन क्रू हा सुरक्षेचा नियम आहे. 180 आसनांच्या विमानाला चौघं लागतात. पहाटे तीन वाजता एकीचा फोन आला की ‘सिक रिपोर्ट करतेय’ आणि स्टँडबायवर, म्हणजे राखीव ठेवलेल्यांपैकी, कुणी मिळालं नाही, तर ते भरलेलं विमान जागचं हलत नाही. पण त्यावरचा उपाय म्हणजे पुरेसा स्टँडबाय क्रू ठेवणं. तो खर्च वाचवायचा आणि ताण आजारी माणसावर टाकायचा, हे मला पटत नाही.

भारतात क्रूच्या शरीरावर नियमांचा पहारा फार जुना आहे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना 35 व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांच्या आत लग्न केलं तर लगेच, आणि पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडावी लागे. नर्गेश मिर्झा खटल्यात 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. लग्नाची चार वर्षांची अट मात्र कायम ठेवली.

आणि 1997 चा ब्रिटिश धडा, म्हणजे उघड संपाऐवजी आजारी रजा, आपल्याकडेही गिरवला गेला. विमान वाहतूक ही औद्योगिक विवाद कायद्यात सार्वजनिक उपयुक्त सेवा होती. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस, आणि समेटाची बोलणी चालू असताना संपाला बंदी. सप्टेंबर 2009 मध्ये जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकदम ‘आजारी’ पडले. 2 जुलै 2022 रोजी इंडिगोची निम्म्याहून जास्त देशांतर्गत उड्डाणं उशिरा सुटली, कारण बराच क्रू रजेवर होता आणि त्याच दिवशी एअर इंडियाची भरती होती. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या क्रूने एआयएक्स कनेक्ट या कंपनीशी चालू असलेल्या विलीनीकरणातल्या पगार आणि पदांच्या तक्रारींवरून सामूहिक आजारी रजा टाकली. आखाताकडे निघालेले कामगार केरळच्या विमानतळांवर अडकून पडले. कंपनीने 25 जणांना बडतर्फीची पत्रं दिली आणि दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांच्या कार्यालयात झालेल्या बैठकीनंतर ती मागे घेतली. त्या क्रूच्या तक्रारींत तथ्य होतं असं मला वाटतं. तरी अशा प्रत्येक प्रसंगानंतर खरोखर तापाने फणफणलेल्या मुलीला पुढची कित्येक वर्षं संशयाचे प्रश्न ऐकावे लागतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तो संप धरला जाईल, आणि नोटिशीचा नियम आता सगळ्याच उद्योगांना आहे. ठरवून टाकलेल्या रजेसाठी कायद्यात इतकी तरतूद असताना एकट्यादुकट्या आजाऱ्याला त्याच चष्म्यातून पाहायचं कारण उरत नाही. ‘उड्डाणास अयोग्य’ असा डॉक्टरांचा शेरा असलेला कान, नाक, पोटाचा आजार कारवाईच्या मोजणीतून वगळावा आणि त्या दिवसांचा बुडालेला उड्डाण भत्ता काही प्रमाणात भरून द्यावा, एवढा बदल कंपन्यांना आपल्या सेवा नियमांत उद्या सकाळीसुद्धा करता येईल.