नानकटाई आणि तुपाचे स्फटिक

दिवाळी जवळ आली की नानकटाईच्या तक्रारी सुरू होतात. पत्र्यावर पसरली, दातांना दगड लागली, वर तडेच गेले नाहीत. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'सोडा थोडा वाढवा'. बहुतेक वेळा याने बिघाड वाढतोच. खाण्याचा सोडा भट्टीत तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ सुटते आणि मागे सोडिअम कार्बोनेट, म्हणजे चक्क धुण्याचा सोडा उरतो. तो जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि रंग तपकिरी पडतो. शिवाय हा वायू घट्ट मिश्रणात नवे बुडबुडे सहसा तयार करू शकत नाही. आधीच असलेल्या बुडबुड्यांत शिरून तो त्यांना फुगवतो. ते बुडबुडे तूप फेसताना तयार व्हावे लागतात. म्हणून नानकटाईचं भवितव्य ठरतं ते तुपाच्या भांड्यात.

आधी प्रमाण. मैदा १५० ग्रॅम, बेसन ४० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, साजूक तूप १२० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि जायफळ. यात सुमारे २० नानकटाया होतात. तूप वाटीने मोजू नका. पातळ आणि थिजलेल्या तुपाच्या वाटीत बराच फरक पडतो.

आता तूप. स्निग्ध पदार्थाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉल या छोट्या रेणूला जोडलेली तीन मेदाम्लं (फॅटी ॲसिड). दुधाच्या स्निग्धांशात ४०० हून अधिक प्रकारची मेदाम्लं सापडतात, त्यामुळे तूप एका ठरावीक तापमानाला वितळत नाही. २० अंश सेल्सिअसला त्याचा काही भाग घन आणि बाकीचा द्रव असतो. ४० अंशांच्या आसपास ते पूर्ण पातळ होतं. फेसण्यासाठी ही अर्धवट अवस्थाच हवी. द्रव भाग हवेभोवती पातळ पडदा धरतो आणि बारीक घन स्फटिक बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जमून त्याला आधार देतात. सगळं तूप द्रव असेल तर हवा वर येऊन निसटते. सगळं घन असेल तर ती आत शिरतच नाही.

स्फटिकांचेही प्रकार असतात. एकच रेणू तीन पद्धतींनी रचला जातो: अल्फा, बीटा प्राइम आणि बीटा. ट्रायस्टिअरिन या शुद्ध मेदाचा अल्फा स्फटिक सुमारे ५५ अंशांना वितळतो, बीटा प्राइम ६४ ला आणि बीटा ७३ ला. रेणू तोच, फक्त रचना घट्ट होत जाते. फेसण्यासाठी बीटा प्राइमचे सुईसारखे बारीक स्फटिक उत्तम. बेकरीवाल्यांना वनस्पती तूप आवडायचं ते याच गुणामुळे. पण तेलाला हायड्रोजन जोडून ते घट्ट करण्याच्या जुन्या पद्धतीत हृदयाला घातक असे ट्रान्स फॅट तयार होत. भारतात खाद्यतेल व वनस्पतीतील त्यांची मर्यादा २०२२ पासून २ टक्के आहे.

साजूक तुपाची खरी अडचण त्याच्या रवाळपणाची आहे. पोळीवर घ्यायला रवाळ तूप सुरेख, पण तो रवा म्हणजे सावकाश थंड झाल्यामुळे वाढलेले मोठे स्फटिकांचे पुंजके. तेवढ्याच घन भागाचे मोठे पुंजके झाले की संख्येने ते कमी भरतात आणि बुडबुड्यांना पुरत नाहीत. उपाय सोपा आहे. तूप ६० अंशांपर्यंत तापवून पूर्ण वितळवा, म्हणजे जुने स्फटिक शिल्लक राहणार नाहीत. मग भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून सतत ढवळा. झटपट थंड होताना असंख्य बारीक स्फटिक तयार होतात आणि तूप लोण्यासारखं मऊ, पांढरट दिसू लागतं. त्यात साखर घालून आठ-दहा मिनिटं फेसा.

मिश्रणाचा थेंब पाण्यात तरंगला की फेसणं झालं, ही जुनी परीक्षा मात्र साखर घातल्यावरच करावी. नुसतं तूप न फेसताही तरंगतं, कारण पाण्याची घनता १ धरली तर त्याची ०.९१ आहे. साखरेची १.५९ आहे. वरच्या प्रमाणात १२० ग्रॅम तूप आणि ११० ग्रॅम साखर मिळून २०१ मिलीलीटर भरतात, म्हणजे घनता १.१४. हे मिश्रण बुडतं. ते तरंगायचं तर त्याच्या आकारमानात सुमारे आठवा हिस्सा हवा असावी लागते. परीक्षा किती नेमकी आहे बघा! 'एकाच दिशेने फेसायचं' या नियमाला मात्र काहीही आधार नाही. हात दुखला तर खुशाल दिशा बदला. आणि नानकटाई बिघडली तर कुणाची नजर शोधण्याआधी तुपात थर्मामीटर घाला.

कारण दिवाळीची तारीख हलते. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये अधिक मासामुळे १२ नोव्हेंबरला. ऑक्टोबरच्या उकाड्यात, शेजारी चकल्या तळल्या जात असताना ओट्यावरचं तूप ३० अंशांच्या पुढे जातं आणि फेसलेली हवा निघून जाते. तूप २० ते २२ अंशांवर ठेवा.

पिठं चाळून घाला आणि गोळा होण्यापुरतंच मिसळा. गोळा होत नसेल तर चमचाभर तूप घाला, दूध नको. तुपात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून मैद्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं, म्हणजे ग्लुटेन, बनत नाही आणि नानकटाई खुसखुशीत राहते. दुधाने ते बनतं आणि ती कडक होते.

गोळे किंचित चपटे करून, दोन बोटांचं अंतर ठेवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ओव्हन आधीच १६० अंशांवर तापलेला हवा. थंड ओव्हनमध्ये तूप वितळूनही आकार धरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात गोळा पसरतो. तापलेल्या ओव्हनमध्ये वरचा थर लवकर सुकतो, आतला भाग फुगत राहतो, म्हणून तडे जातात. १५ ते २० मिनिटांत तळ फिका सोनेरी झाला की पत्रा बाहेर काढा. त्या वेळी नानकटाई मऊच लागेल, तरी परत भाजू नका. पत्र्यावरच २० मिनिटं राहू द्या. शेजारी किंवा नातेवाइकांकडे द्यायचे डबे पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट असताना झाकण लावलं तर आतली वाफ झाकणाला धरते आणि संध्याकाळपर्यंत नानकटाई मऊ पडते. तसं झालंच तर १२० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवून पुन्हा गार करा.