गणितातला 'प्रकल्प' नेमका आला कुठून

सहावी ते आठवीच्या गणितात प्रोजेक्ट, टॅब, क्यूआर कोड हे आता इतकं अंगवळणी पडलंय की हे सगळं नव्या शैक्षणिक धोरणाने आणलं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. हाताने काहीतरी करत हिशोब शिकायचा ही कल्पना 1937 ला वर्ध्याच्या परिषदेत आली, जिला पुढे नई तालीम म्हणायला लागले. टकळीवर सूत काढायचं, तार (सुताचे ठरावीक लांबीचे पदर) मोजायचे, 640 तारांची एक गुंडी, मग वजन करून सुताचा अंक, म्हणजे सूत किती बारीक ते सांगणारा आकडा, काढायचा. यात व्यस्त प्रमाण न शिकवताच कळतं, कारण लांबी तेवढीच धरली तर सूत जितकं बारीक तितकं वजन कमी आणि अंक मोठा. पण पुढे हातकाम आणि विषय वेगळे पडले, हातकाम कार्यानुभवाच्या तासाला गेलं आणि गणित फळ्यावरच राहिलं. माझ्या पिढीला कार्यानुभव म्हणजे कागदी फुलं आणि खडू बनवणं एवढंच आठवतंय, त्यामुळे मधली वर्षं सोडूनच देतो.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात गणित म्हणजे नुसती आकडेमोड नाही, मुलाने गणिती विचार करायला शिकावं, असं लिहून आलं. वर्गापर्यंत मात्र ते पोचलं 2010 ला. एप्रिलमध्ये आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, लागू झाला आणि 20 ऑगस्टला राज्याचा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा जीआर आला. खरा घोळ इथे आहे.

त्या जीआरमध्ये आकारिक, म्हणजे शिकता शिकता वर्षभर करायच्या, मूल्यमापनाची आठ साधनतंत्रं दिली होती: निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक/प्रयोग, उपक्रम/कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. आता बघा, वर्गाची लांबी-रुंदी टेपने मोजून फरशा किती लागतील ते काढलं, तर ते प्रात्यक्षिक, उपक्रम की प्रकल्प? स्टाफरूममध्ये विचारलं तर तिघांची तीन उत्तरं यायची. आमच्यातल्या एका सरांनी सोपं करून सांगितलं होतं, एका तासात संपतं तो उपक्रम आणि मूल स्वतः प्रश्न ठरवून आठवडाभर माहिती गोळा करतं तो प्रकल्प, म्हणजे वर्षभराची लाईट बिलं आणून सरासरी काढायची, स्तंभालेख काढायचा आणि उन्हाळ्यात बिल का वाढलं ते सांगायचं. मला अजूनही हाच फरक पटतो. पण नोंदवहीत प्रत्येकाचा वेगळा कॉलम होता आणि कॉलम रिकामा ठेवता येत नव्हता, मग प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातला भौमितिक आकारांचा छापील चार्ट किंवा थर्माकोलवरचं पायथागोरसचं प्रमेय, तेही आईने रात्री अकराला चिकटवलेलं.

यावरून ओरड झाली ती भलतीच. "आठवीपर्यंत परीक्षाच बंद केल्या" असं सगळीकडे बोललं जायचं, अजूनही बोलतात, आणि खरं सांगायचं तर जीआर न वाचता बोलतात. पाचवी-सहावीला आकारिक 50 आणि संकलित (म्हणजे सत्राअखेरची परीक्षा) 50, सातवी-आठवीला आकारिक 40 आणि संकलित 60 असा भारांश होता. म्हणजे आठवीतल्या पोराचं निम्म्याहून जास्त सत्राअखेरच्या परीक्षेवरच होतं! बंद झालं होतं ते नापास करणं. कल्पनेत चूक नव्हती, फॉर्ममध्ये होती, असं माझं मत.

2015 च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा जीआर आला, ज्ञानरचनावाद (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं हा विचार) हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी झाला, वर्गातल्या फरशीवर संख्यारेषा रंगवल्या गेल्या. त्याच सुमारास शहापूर तालुक्यातल्या एका छोट्या झेडपी शाळेत मुलं टॅबवर शिकतायत याची चर्चा झाली, ती बघायला लांबून शिक्षक जायला लागले. मग गावोगाव लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर आले आणि "शाळा डिजिटल झाली" असं बोर्ड लागले. बिल थकून वीजच तोडलेल्या शाळाही होत्या, ते बोर्डावर कुठून येणार.

गणितासाठी यात कामाचं होतं जिओजेब्रा, स्क्रीनवर आकृत्या काढून हलवता येतात असं सॉफ्टवेअर. 2001 ला ऑस्ट्रियात एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर शाळांना फुकट मिळतं. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात पण बेरीज 180 च राहते, हे पोरांनी स्वतः बघितलं की चेहरेच बदलतात. पुस्तकात क्यूआर कोड आले 2017 ला दीक्षा हे केंद्राचं ऑनलाइन धड्यांचं पोर्टल सुरू झाल्यानंतर, आणि त्यातून बहुतेक व्हिडिओच उघडायचा, म्हणजे फळ्याऐवजी स्क्रीन एवढाच फरक. लॉकडाऊनमध्ये तर प्रकल्पाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला की झालं, असं दीड-दोन वर्षं चाललं.

2020 च्या धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना आणि मध्यम स्तरावर कोडिंग आहे. राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला पास-नापास ठरवणारी वार्षिक परीक्षा परत आली, त्यात नापास झालं तर पुनर्परीक्षा द्यायची.