स्पीकरच्या खोक्यातली कोणती चूक कानाला कळते?

गेल्या पावसाळ्यात घरीच स्पीकरचे दोन बॉक्स करायला घेतले. साडेसहा इंची स्पीकर, 18 मिमीचा एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेली फळी), आतली जागा 15 लिटर. पहिल्याच दिवशी जिगसॉचं पातं वाकडं गेलं आणि 146 मिमीचं भोक एका अंगाला 151 झालं. दुसऱ्या फळीला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला तर खालच्या टोकाला नखाएवढी फट दिसली. दोन्ही फळ्या मी टाकायला काढल्या होत्या, पण टाकायची वेळ आली नाही. खोक्यातली हवा काय काम करते हे समजलं, की कोणती चूक ऐकू येईल आणि कोणती नुसतीच दिसेल, हे आधीच सांगता येतं.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खोकं नसेल तर समोरची हवा कडेने वळून मागची पोकळी भरते आणि खर्ज जागच्या जागी विरतो. म्हणून मागची हवा कोंडायची. ही कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. एडगर विल्चर यांनी 1954 साली अमेरिकेत आणलेल्या एआर-1 स्पीकरमध्ये हाच गुण वापरला. त्यांनी पडद्याची धारण, म्हणजे त्याला कडेने धरून ठेवणारा लवचीक भाग, मुद्दाम सैल ठेवली आणि पडदा जागेवर आणायचं काम मुख्यतः आतल्या हवेवर सोपवलं.

त्यामुळे बंद खोक्यात फट ही खरी चूक. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट सैल धरून दांडा हळू दाबा, हवा निसटून जाते. झटक्यात दाबा, हाताला जोर लागतो. खोक्याचंही तसंच. 400 हर्ट्झच्या सुराला हवेला निसटायला फुरसतच मिळत नाही, 40 हर्ट्झला मिळते. म्हणून गळक्या खोक्यात गाणाऱ्याचा आवाज ठीक वाटतो आणि तबल्याचा डग्गा पोकळ. वर फटीतून फुसफुस येते ती वेगळीच.

फट शोधायला उदबत्तीसारखं साधन नाही. पंखा बंद करा, मोबाइलवरून या स्पीकरवर 30-40 हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून सावकाश फिरवा. माझ्या खोक्यात तीन सांध्यांपाशी धुराची रेघ सरळ वर गेली. चौथ्याच्या खालच्या कोपऱ्यात मात्र ती थरथरून तुटली. गुण्याने दाखवलेली फट तीच.

अशी बारीक फट भरायला एमडीएफचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून दाबून बसवायचा आणि आतून सगळ्या सांध्यांवर फेविकॉलची एक जाड रेघ ओढायची. फट मोठी असेल तर एपॉक्सी पुटी बरी, कारण पाण्यावर आधारलेला गोंद सुकताना आकसतो. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत स्पीकर बसवू नका. तो वास अ‍ॅसेटिक आम्लाचा असतो आणि ते धातूला गंजवतं.

इथे घाई नडते. गोंदातलं पाणी एमडीएफच्या कापलेल्या कडा पितात आणि सांधा किंचित फुगतो. तो फुगलेला असतानाच पॉलिश पेपर मारून सपाट केला, तर पुढे पाणी उडून जातं, सांधा खाली बसतो आणि रंगाखालून सरळ चर उमटतो. पावसाळ्यात तर आठवडाभर थांबलेलं चांगलं. घासताना तोंडावर मास्क हवाच. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि तिच्यात फॉर्मल्डिहाइडवाला गोंदही असतो.

वाकड्या भोकाचं काय? स्पीकरचा स्क्रू नेमका पोकळीत येत होता. 12 मिमी प्लायची, आतून बरोबर 146 मिमीची कडी कापली, फळीच्या मागून चिकटवली आणि स्क्रू तिच्यात घेतले. पुढचा खड्डा एपॉक्सी पुटीने भरून घासला. कडीची मागची आतली धार मात्र तासून उतरती करा, नाहीतर पडद्यामागच्या हवेची वाट अरुंद होते. स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात फेविकॉल लावलेल्या, गूल काढलेल्या दोन आगकाड्या ठोका, सुकू द्या आणि मग पुन्हा आवळा.

मापातल्या चुकीची धास्ती मात्र सोडा. खोक्याची आतली 25 सेंमीची खोली 5 मिमी कमी पडली तर आतली जागा 2 टक्क्यांनी घटते. पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याची नळी) असलेल्या खोक्याची स्वरवारंवारता, म्हणजे आतली हवा ज्या सुराला घुमते ती, जागेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे 50 हर्ट्झचे साडेपन्नास होतात. तो फरक ऐकून ओळखता येत नाही. कोपऱ्याचा 5 मिमीचा टवका उडाला तरी तेच. 1,000 हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे 34 सेंमी असते, तिला तो खिजगणतीतही नसतो. टवका पुटीने भरा तो डोळ्यांसाठी.

पातळ फळी मात्र ऐकू येते. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे त्याच मालाची 18 मिमीची फळी 12 मिमीच्या फळीपेक्षा सव्वातीन पटींहून अधिक ताठ असते. 12 मिमीत खोकं बांधून झालं असेल तर मोडू नका. स्पीकरच्या भोकातून हात घालून समोरासमोरच्या फळ्यांमध्ये एक पट्टी आवळून चिकटवा. ती बरोबर मध्यावर नको, थोडी बाजूला असू द्या, म्हणजे दोन्हीकडचे भाग एकाच सुराला घुमणार नाहीत. आधी बोटाच्या पेराने टकटक करून ऐका, पट्टी सुकल्यावर पुन्हा करा. माझ्या खोक्याचा घुमणारा ‘ढब’ आखूड ‘टक’ झाला होता.