पाळण्यातले पाय : जेरोम केगन आणि मूळ स्वभावाचा शोध

१९८९ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात चार महिन्यांच्या बाळांना एकेक करून कलत्या खुर्चीत बसवायचे. आधी आई समोर येऊन हसायची आणि मग नजरेआड व्हायची. त्यानंतर डोळ्यांसमोर रंगीत खेळणी मागेपुढे हलवायची, ध्वनिक्षेपकातून अनोळखी आवाजातली वाक्यं ऐकवायची, सौम्य अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस नाकाशी धरायचा. तेवढ्या वेळात बाळ हातपाय किती झाडतं, पाठीची कमान करतं का, रडतं का, हे सगळं चित्रफितीवर टिपून ठेवलं जायचं.

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपण बहुतेक वेळा कौतुकानं वापरतो. इथे ते पाय खरोखर पाहिले जात होते आणि त्यांची हालचाल मोजली जात होती. मोजणारे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन तेव्हा साठ वर्षांचे होते. माणसाचा पिंड जन्मतःच काही प्रमाणात ठरलेला असतो, असं म्हणणाऱ्यांत आज त्यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. पण कारकिर्दीची पहिली पंचवीसएक वर्षं ते नेमकं उलटं मानत होते. मला त्यांच्या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच : हे मत त्यांनी आधी ठरवलं नव्हतं, पुराव्यानं त्यांना तिथे नेलं.

मुळात कल्पना फार जुनी. दुसऱ्या शतकातला रोमचा वैद्य गेलन सांगायचा, की शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस असतात आणि त्यांच्या मिश्रणावर माणसाचा स्वभाव ठरतो. ‘टेम्परामेंट’ या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थच ‘मिसळणं’ असा आहे. गेलनची विद्या अरबीत गेली तेव्हा त्याच अर्थाचा शब्द तिला मिळाला, मिजाज. युनानी हकीम आजही मिजाज पाहून औषध देतात. हाच शब्द मराठीत आला आणि त्याची ‘मिजास’ झाली. आपण मिजास म्हणतो तेव्हा तोरा अभिप्रेत असतो, पण शब्दाच्या पोटात अजून गेलनचं मिश्रण आहे. आयुर्वेदातली वात-पित्त-कफाची प्रकृती वेगळ्या परंपरेतली, तरी प्रश्न तोच : एकाच घरातली, एकाच ताटात जेवलेली दोन मुलं इतकी निराळी का निघतात?

विसाव्या शतकातल्या अमेरिकेनं हा प्रश्नच बाजूला सारला, आणि त्याला कारणं होती. १९०७ मध्ये इंडियाना राज्यानं ‘निकृष्ट’ ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९२४ च्या कायद्यानं दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातल्या, आणि आशियातून येणाऱ्यांना तर दार जवळपास बंदच केलं. या सगळ्याला आधार दिला गेला तो आनुवंशिकतेच्या नावाखाली चाललेल्या वंशशुद्धीच्या विचाराचा. पुढे नाझींनी तोच विचार कुठवर नेला ते जगानं पाहिलं. त्यामुळे युद्धानंतर स्वभावाचं मूळ शरीरात आहे असं नुसतं सुचवणंसुद्धा संशयास्पद झालं. दुसरीकडे मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांचा वर्तनवाद जोरात होता. निरोगी मूल माझ्या हाती द्या, त्याला हवं ते बनवून दाखवतो, असा त्यांचा दावा. सगळं काही संगोपनावर, हीच त्या पिढीची श्रद्धा होती, आणि ती मायेची, न्यायाची श्रद्धा होती हेही मान्य केलं पाहिजे.

केगन याच वातावरणात वाढले. जन्म २५ फेब्रुवारी १९२९, न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्कचा. बालपण जवळच्या राहवे गावात, ज्यू कुटुंबात. रटगर्स विद्यापीठातून पदवी आणि १९५४ मध्ये येलमधून पीएच.डी. थोडं अध्यापन, मग सक्तीच्या लष्करी सेवेत वेस्ट पॉइंटच्या इस्पितळात काम, आणि १९५७ मध्ये ओहायोतल्या यलो स्प्रिंग्ज या लहानशा गावातली फेल्स संशोधन संस्था.

फेल्समध्ये खजिनाच पडून होता. १९२९ ते १९३९ या काळात जन्मलेल्या ८९ मुलांच्या वागण्याच्या वर्षानुवर्षं लिहिलेल्या नोंदी तिथे होत्या. ती मुलं आता विशीत होती. केगन आणि हॉवर्ड मॉस यांनी त्यांतल्या ७१ जणांना पुन्हा गाठलं आणि लहानपणीच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. १९६२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि केगन यांचं नाव झालं. पहिल्या तीन वर्षांतल्या वागण्याचा मोठेपणीच्या माणसाशी फारसा मेळ बसत नव्हता. एक अपवाद होता. अगदी लहानपणी भित्री, मागे मागे राहणारी अशी काही मुलं होती. मोठेपणीही ती जपून वागणारी, जोखीम टाळणारी निघाली होती. हे शरीरातच असू शकेल, अशी शंका दोघांनी त्या वेळी लिहून ठेवली. आणि मग केगन यांनी ती पंधरा-वीस वर्षं तशीच राहू दिली. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं, की परिस्थितीच माणूस घडवते या आपल्या विश्वासामुळे, त्यामागच्या राजकीय ओढीमुळे, समोर दिसणारं आपण पाहिलं नाही. एखादा संशोधक असं छापून सांगतो तेव्हा त्याच्या बाकीच्या आकड्यांवर माझा भरवसा वाढतो.

१९६४ मध्ये ते हार्वर्डला आले ते २००० मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. मधल्या काळातल्या दोन गोष्टींनी त्यांची दिशा बदलली.

पहिली ग्वाटेमालातली. १९७१-७२ च्या सुमारास ते आतित्लान सरोवराकाठच्या सान मार्कोस या मूलनिवासी गावात राहिले. तिथली तान्ही बाळं पहिलं वर्ष बहुतेक अंधाऱ्या, बिनखिडकीच्या झोपडीतच असायची. आई जवळ असायची, अंगावर पाजायची, पण बाळाशी बोलणं-खेळणं जवळजवळ नाहीच. वर्षाची ती मुलं मलूल, गप्प, अमेरिकी मुलांच्या मानानं कितीतरी मागे वाटत होती. पण त्याच गावातली दहा-अकरा वर्षांची मुलं हसरी, चपळ होती आणि स्मरणाच्या, आकृती ओळखण्याच्या चाचण्या नीट पार पाडत होती. मग पहिल्या वर्षात जे राहिलं ते कायमचं राहिलं, हे कसं म्हणायचं? १९७३ मध्ये रॉबर्ट क्लाइन यांच्याबरोबर त्यांनी हे मांडलं आणि मोठा वाद झाला. पहिली दोन-तीन वर्षंच सारं आयुष्य ठरवतात, ही समजूत त्यांनी तेव्हापासून कधीच मानली नाही.

दुसरी गोष्ट बॉस्टनची. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ च्या डिसेंबरात देशव्यापी पाळणाघरांच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला होता. पाळणाघरात वाढलेली मुलं आईपासून तुटतात का, हा तेव्हा पेटलेला प्रश्न होता. केगन, रिचर्ड कीअर्सली आणि फिलिप झेलाझो यांनी चांगलं पाळणाघर चालवून अभ्यास केला. काही मुलं चिनी-अमेरिकी कुटुंबांतली, काही गोरी. काही पाळणाघरात, काही घरी. चांगल्या पाळणाघरानं मुलांचं नुकसान होत नाही, हा निष्कर्ष १९७८ मध्ये आला. पण न शोधलेली एक गोष्टही हाती लागली. चिनी कुटुंबांतली मुलं, घरी वाढोत की पाळणाघरात, नव्या प्रसंगात जास्त गप्प होत, आईला बिलगत, आणि त्यांच्या हृदयाचे ठोके तितके कमीजास्त होत नसत. संगोपन वेगळं असूनही फरक टिकत होता. फेल्समधली ती जुनी शंका आता पुन्हा वर आली.

इथे एक श्रेय आधीच्या लोकांना द्यायला हवं. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्यानं १९५६ पासूनच तान्ह्या मुलांच्या मूळ स्वभावाचा पाठपुरावा सुरू केला होता. सोपी, कठीण आणि हळूहळू रुळणारी, अशी मुलांची वर्गवारी त्यांचीच. मुलाच्या अडचणींचा सगळा दोष आईवर टाकण्याच्या काळात, मुलाचा पिंड आणि घराची रीत जुळते की नाही ते पाहा, असं त्यांनी सांगितलं. त्यांची माहिती मात्र मुख्यतः आईवडिलांच्या मुलाखतींतून आलेली होती. केगन यांचा त्यावर भरवसा नव्हता. पहिलटकरीण आई कुणाशी तुलना करून आपलं बाळ चिडकं ठरवणार? मूल प्रत्यक्ष पाहा, त्याचं शरीर काय सांगतं ते मोजा, हा त्यांचा हट्ट होता.

त्या हट्टातून १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिंथिया गार्सिया कोल या विद्यार्थिनीसोबतचा अभ्यास उभा राहिला. पुढे स्टीव्हन रेझनिक आणि नॅन्सी स्निडमन हेही या कामात आले. एकवीस महिन्यांच्या मुलांना अनोळखी बाई, अनोळखी खेळणं, अनोळखी खोली यांना सामोरं जायला लावायचं. काही मुलं लगेच पुढे होत. काही थिजत, आईच्या पायांना मिठी मारत, बोलणं बंद करत. पाहुणे आले की पदराआड जाणारं मूल आपल्या घरांतही असतंच. त्याला बुजरं म्हणतात. केगन यांनी शंभरातली अशी दहा-पंधरा मुलं निवडली आणि त्यांचा सातव्या वर्षापर्यंत माग ठेवला. बुजऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके जलद आणि एकसुरी असायचे, ताण आला की बाहुल्या जास्त विस्फारायच्या, लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं असायचं. १९८८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे निष्कर्ष आले. हा बुजरेपणा नुसत्या वळणाचा नाही, त्यामागे मेंदूच्या खोल भागातल्या अमिग्डालाची जास्त सहज चेतणारी यंत्रणा असावी, असा त्यांचा तर्क होता.

मग ओघानंच पुढचा प्रश्न आला. असं मूल आणखी आधी, भीती कळण्याच्याही आधी ओळखता येईल का? त्यातूनच चार महिन्यांच्या बाळांचा तो अभ्यास. पहिल्या अठरा बाळांच्या चित्रफितींत विशेष काही नव्हतं. एकोणिसावी मुलगी मात्र खेळणी हलताच हातपाय झाडू लागली, कमान करून रडू लागली. हेच आपण शोधत होतो, हे केगन यांच्या तिथे लक्षात आलं. साडेचारशेहून अधिक निरोगी बाळं पाहून झाल्यावर चित्र असं होतं : सुमारे २० टक्के बाळं अशी पटकन चेतणारी, सुमारे ४० टक्के शांत, सैल पडून पाहणारी, आणि उरलेली मधली. चौदाव्या आणि एकविसाव्या महिन्यात पुन्हा पाहिलं तेव्हा पहिल्या गटातली मुलं विदूषकाला, यंत्रमानवाला, अनोळखी माणसाला जास्त भ्यायली. दुसऱ्या गटातली फारशी भ्याली नाहीत. १९९४ मध्ये या कामावरच्या पुस्तकाला त्यांनी ‘गेलन्स प्रॉफेसी’ असं नाव दिलं. अठराशे वर्षांपूर्वीच्या वैद्याला हा नमस्कारच होता.

इथवर ऐकून कुणी ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून मोकळं होईल, तर केगन त्याला अडवतील. पिंड काय घडवतो यापेक्षा काय होऊ देत नाही, हे जास्त खात्रीनं सांगता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. लाथा झाडणारं बाळ पुढे कमालीचं बेधडक, बिनधास्त होईल ही शक्यता फार थोडी. पण ते लाजाळूच राहील हेही सांगता येत नाही. शाळेच्या वयात आलेली त्यांतली बरीच मुलं चारचौघांसारखी दिसत होती. त्यांच्या गटातल्या डोरीन आर्कस यांनी घरी जाऊन पाहिलं, तेव्हा मुलाला प्रत्येक रडण्याला उचलून न घेता प्रेमानं पण ठामपणे मर्यादा घालणाऱ्या आयांची अशी मुलं दोन वर्षांची होईपर्यंत कमी भित्री झालेली आढळली. आणि सावध पिंडाचं केगन यांना कौतुकही होतं. मदतनीस नेमताना ते मुद्दाम अशी माणसं शोधत. नोंदी करताना ती चुकत नाहीत, असं ते सांगत.

मेंदूबद्दलचा तर्क तपासायला तंत्र यावं लागलं. २००३ मध्ये कार्ल श्वार्ट्झ यांनी केगन यांच्याच जुन्या मुलांना, आता बावीसच्या आसपास वय असलेल्यांना, एमआरआय यंत्रात घालून अनोळखी चेहरे दाखवले. दोन वर्षांची असताना जी बुजरी होती, त्यांचा अमिग्डाला नव्या चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देत होता. तपासलेल्यांची संख्या लहान होती, एकूण २२. तरी वीस वर्षं थांबून मिळालेलं हे उत्तर होतं, आणि असं थांबणं मानसशास्त्रात विरळाच.

उणिवाही आहेत. चार महिन्यांच्या अभ्यासातली बाळं निरोगी, गोऱ्या, सुस्थित कुटुंबांतली होती. त्यांच्यावरून कोल्हापूरच्या किंवा काराकासच्या बाळाविषयी सरसकट काही बोलता येणार नाही. मेरी रॉथबार्ट यांच्यासारख्या संशोधकांनी पालकांच्या प्रश्नावल्यांवर उभं केलेलं काम केगन यांनी वाजवीपेक्षा जास्त झिडकारलं, असं मला वाटतं : तीस-चाळीस मिनिटांच्या प्रयोगात जे दिसत नाही ते आईला रोज दिसतं. मातृबंधाच्या अभ्यासकांशीही त्यांचं जमलं नाही. अनोळखी खोलीत आई गेल्यावर मूल किती रडतं यात आईच्या मायेइतकाच मुलाचा पिंड बोलतो, हा त्यांचा आक्षेप मात्र टिकला. उतारवयात त्यांनी मुलांना सर्रास औषधं देण्यावर कडाडून टीका केली. त्यांच्या अभ्यासाचा विपर्यास करून बुजऱ्या मुलाला रोगी ठरवलं जाऊ नये, ही त्यांची तळमळ त्यात होती.

१० मे २०२१ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी केगन गेले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे एके काळचे विद्यार्थी नेथन फॉक्स यांच्या मेरीलँडमधल्या गटानं एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. चौदा महिन्यांची असताना बुजरी असलेली मुलं सव्विसाव्या वर्षी अधिक अंतर्मुख होती. चिंतेनं मात्र त्या सगळ्यांना ग्रासलं नव्हतं. पंधराव्या वर्षी स्वतःची चूक होताच ज्यांच्या मेंदूत जास्त तीव्र संकेत उमटत होता, मुख्यतः त्यांच्यातच ती दिसली.