वैद्यकीय मानव्यविद्या : वैद्यकशिक्षणातले अधिक वर्ष

डॉक्टरकीचा अभ्यास मध्येच एक वर्ष बाजूला ठेवायचा, त्या वर्षात इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, नीतिशास्त्र, समाजशास्त्र आणि कला यांच्या अंगाने आजार आणि उपचार समजून घ्यायचे (यालाच वैद्यकीय मानव्यविद्या म्हणतात), त्याची स्वतंत्र पदवी घ्यायची आणि पुन्हा वॉर्डात परतायचे, अशी ही प्रथा आहे. ती मुख्यतः ब्रिटनमधली. तिथे या वर्षाला ‘इंटरकॅलेटेड’ वर्ष म्हणतात. शब्द मूळचा कालगणनेतला. पंचांगाचा मेळ बसवण्यासाठी घातलेल्या जादा दिवसांचा. म्हणजे आपला अधिक महिनाच. धोंड्याच्या महिन्यात लग्ने-मुंजी थांबतात आणि पोथी वाचायला सवड मिळते. म्हणून ‘अधिक वर्ष’ हा शब्द इथे वापरला आहे.

ब्रिटनमधली वैद्यकीय पदवी साधारण पाच वर्षांची; हे वर्ष धरून सहा. बहुतेक जण ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षानंतर घेतात. विज्ञानाचे विषय निवडणारे पुष्कळ, मानव्यविद्येकडे वळणारे थोडे. ब्रिस्टल विद्यापीठ आणि लंडनचे इंपीरियल कॉलेज अशा ठिकाणी हा अभ्यास रुजला. वर्षाच्या शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. पूर्वी डॉक्टरांच्या पहिल्या नेमणुकीत जादा पदवीला गुण मिळत. २०२३च्या भरतीपासून ते बंद झाले. आता ज्याला मनापासून करायचे तोच हे वर्ष घेईल, आणि ते बरेच झाले असे म्हणावेसे वाटते. मात्र एका वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च वाढतो, ही तक्रार खरी आहे.

विषयाची मुळे अमेरिकेतही आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६७ साली मानव्यविद्येचा स्वतंत्र विभागच सुरू झाला. ब्रिटनमध्ये डॉक्टरांचे नियमन करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने १९९३ साली पाठांतराचा भार कमी करून आवडीच्या विषयांना जागा द्या असे सांगितले, त्याने वाट मोकळी झाली. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. रीटा शॅरन यांनी रोग्याची हकिगत नीट वाचण्या-ऐकण्याचे शिक्षण उभे केले.

हकिगत म्हणजे काय, हे सांगली-मिरजेच्या कुठल्याही ओपीडीत कळते. जत, कवठे महांकाळ, आटपाडीकडून आलेली बाई सांगते, ‘डाक्तर, ह्यांच्या अंगावरनं वारं गेलंय.’ हा पक्षाघात. शेजारची दुसरी बाई पदर सावरत, आवाज खाली आणत म्हणते, ‘अंगावरनं जातंय.’ हे श्वेतप्रदर, म्हणजे पांढरे जाणे असेल, नाहीतर जादा रक्तस्राव. शब्द जवळजवळ तेच. एकीच्या नवऱ्याचा मेंदू, दुसरीचे गर्भाशय. अखिल भारतीय कोट्यातून आलेला विद्यार्थी गोंधळतो, आणि पुण्या-मुंबईचा मराठी विद्यार्थीही गोंधळतो. अथणी, रायबागकडचा रोगी हेच कन्नडमध्ये सांगतो. केसपेपरवर उतरते ते इंग्रजीत, एका ओळीत. तिने आवाज का खाली आणला, किती महिने अंगावर काढले, घरात कोणाला सांगितले नाही, हे त्या ओळीत मावत नाही. नेमके तेच वाचायला शिकवणे हे या विषयाचे काम. त्यासाठी एक वर्ष म्हणजे फार नव्हे.

अशा अभ्यासाला लागणारी सामग्री या भागात पावलोपावली आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय उघडले. पुढे कुष्ठरोग्यांसाठी आणि क्षयरोग्यांसाठी वेगळ्या सोयी झाल्या आणि वानलेसवाडी हे नावच नकाशावर आले. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर तिथलेच विद्यार्थी. साताऱ्यात त्यांनी व्यसनमुक्तीसाठी ‘परिवर्तन’ उभे केले आणि अंधश्रद्धेचा प्रश्न आरोग्याशी जोडला. ‘बाहेरचं झालंय’ म्हणणाऱ्या घराला काय उत्तर द्यायचे, हा प्रश्न आजही तरुण डॉक्टरसमोर रोज उभा राहतो.

काही धडे कडू आहेत. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. लिंगनिवडीविरुद्धचा कायदा तर १९९४चा. कायदा पाठ असणे आणि समोरच्या कुटुंबाला नाही म्हणता येणे यांत किती अंतर आहे, याचा अभ्यास नीतिशास्त्राच्या तासाला व्हायला हवा. गळिताच्या हंगामात इथल्या कारखान्यांवर मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात. फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या बाईला ‘आठ दिवस विश्रांती घ्या’ असे लिहून देताना, खाडा पडला की तिची मजुरी बुडते हे डॉक्टरला ठाऊक असायला हवे. हे औषधशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

आणि एक गोड धडाही आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, काढतो तेव्हा तारांखालची घोडी किंचित घासतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा घासतो. घाई केली तर घोडी वाया जाते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नुकताच स्टेथोस्कोप हाती आलेल्या मुलाने तिथे एक दुपार बसावे. हृदयाच्या दोन ठोक्यांमधली कुजबुज ओळखायला कान असाच तयार होतो. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत तर वाईट बातमी कशी सांगावी याचा सराव नाट्यप्रवेशातून करून घेणे अगदी सहज जमेल.

भारतात मात्र अशा अधिक वर्षाची सोय नाही. एमबीबीएस साडेचार वर्षांचे, त्यानंतर एक वर्षाची आंतर्वासिता, आणि मध्ये बाहेर पडायला दार नाही. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये २००९ साली वैद्यकीय मानव्यविद्या गट सुरू झाला. २०१९च्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग सक्तीचा झाला आणि ऐच्छिक विषयांना थोडे दिवस मिळाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण सगळ्या विषयांच्या गर्दीतून उरलेल्या तासांत संवाद शिकवायचा, तर तो लवकरच सही-शिक्क्याचा विषय होतो.

एक वर्ष परवडणार नाही, असे पालक म्हणतात. कर्ज असते, वय वाढते, सरकारी सेवेचा बाँड असतो. पण इंटर्नशिप संपल्यावर नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेसाठी ‘ड्रॉप’ घेणारी मुले थोडी नाहीत. म्हणजे जादा वर्ष आपल्याकडेही खर्ची पडतेच. ते अभ्यासिकेतल्या खुर्चीत, चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव करण्यात. त्या वर्षात रोगी भेटत नाही.

अधिक वर्षाची सोय होईतोवर हाताशी आहे ती कुटुंब दत्तक योजना. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबे वाटून घ्यायची आणि त्यांच्याकडे जात राहायचे. वहीत रक्तदाब, वजन, लसीकरण असे रकाने असतात. त्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर, घरातली आजी जे बोलली ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायला कुठल्याही परिषदेची परवानगी लागत नाही.